एजंटला सांगावं की थेट कंपनीला?

समोरून एसटी आली, बाजू दिली आणि गाडी गडग्याला घासली. बंपर लोंबकळतोय, हेडलाइट फुटलाय, माणसं मात्र धड आहेत. आता विम्याच्या क्लेमसाठी पहिला फोन कोणाला? गुहागर-वेळणेश्वरकडच्या चिंचोळ्या रस्त्यांवर हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, गणपतीत तर जरा जास्तच. मी दोन्ही करून पाहिलंय.

कोणाला लागलं असेल तर मात्र ही तुलना बाजूला ठेवा. आधी दवाखाना, मग पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे २४ तासांच्या आत कळवावंच लागतं. आणि नुसता ओरखडा असेल तर माझ्या मते कोणालाच कळवू नये. सलग ५ वर्षं जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एवढ्याशासाठी शून्यावर आणणं परवडत नाही. क्लेम केला तरी ही सूट टिकवणारं जादा कव्हर, म्हणजे बोनस प्रोटेक्टर, घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

एजंटची बाजू खरंच भक्कम आहे. आमच्याकडे कॅशलेस गॅरेज (जिथलं बिल कंपनी परस्पर भरते) म्हणजे चिपळूण नाहीतर रत्नागिरी. गाडी तिथवर न्यायला टोइंगवाला कोण, गॅरेजवाला बंपर बदलून देईल की चिकटवून परत पाठवेल, हे त्यांना तोंडपाठ असतं. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, हेही ते आधीच सांगून टाकतात, म्हणजे बिल बघून धक्का बसत नाही. फॉर्म तेच भरतात. ‘तू काय करू नको रे, मी बघतो,’ हे वाक्य भर उन्हात रस्त्यावर उभं राहून ऐकलं की बरं वाटतं.

कंपनीचं ॲप त्यामानाने शहरातलं. जागेवरचेच फोटो हवेत, लोकेशन चालू हवं. डोंगराच्या कुशीत रेंज आली-गेली करते आणि तिसऱ्या फोटोला ते गोल गोल फिरत बसतं. टोल फ्री नंबर बरा, एका काडीवरही आवाज पोचतो आणि बऱ्याचदा मराठीत बोलणारं कोणी मिळतं. फक्त लँडमार्क विचारला की पंचाईत. मी सड्यावरचा वड सांगितला, पलीकडच्या बाईंना हॉटेल किंवा पेट्रोल पंप हवा होता.

एवढं वाचून कौल एजंटकडे झुकेल. माझाही तिकडेच होता. पण एका गोष्टीने वैताग आणला. पॉलिसीवर मोबाइल नंबर माझा नव्हता, आमच्या एजंटकाकांचा होता. पॉलिसी काढताना सोयीसाठी त्यांनी स्वतःचाच टाकलेला. बऱ्याच ठिकाणी हे असंच चालतं. त्यामुळे क्लेम नंबर त्यांच्या फोनवर, व्हिडिओ सर्व्हेची, म्हणजे नुकसानीच्या पाहणीची, लिंक त्यांच्या फोनवर, ओटीपीसुद्धा त्यांच्याच फोनवर. आणि काका कोल्हापूरला लग्नाला. लिंकची मुदत संपली, ती पुन्हा मागवावी लागली. सर्व्हे झाल्याशिवाय गॅरेजवाला स्क्रूसुद्धा काढेना, तेही बरोबरच, कारण आधी खोललेल्या गाडीवरून पुढे वाद होतात. गाडी माझी, पॉलिसी माझी आणि तिचं काय चाललंय हे मी गॅरेजवाल्याकडून ऐकत होतो. काकांची नियत चांगलीच होती, म्हणून तर भांडताही येईना.

पुढच्या वेळी मी थेट टोल फ्रीवर कळवलं. क्लेम नंबर मला आला, लिंक मला आली. ५० हजारांच्या आतल्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर नेमायची सक्ती नाही, त्यामुळे बंपर-हेडलाइटसारखी कामं व्हिडिओवर निभू शकतात. रेंजसाठी चढण चढून वर जावं लागलं, पण कोणाची वाट बघावी लागली नाही. तुमचे एजंट तत्पर असतील आणि नंबर तुमचाच असेल, तर फरक कदाचित जाणवणारही नाही. माझ्यापुरतं मात्र ठरलंय: आधी कंपनी, मग तोच क्लेम नंबर घेऊन काकांना फोन.

तुमच्या पॉलिसीवर कोणाचा नंबर आहे ते आजच बघा, दुसऱ्याचा असेल तर कंपनीला कळवून बदलून घ्या. काका थोडे नाराज झाले, नाही असं नाही. पण गॅरेजवाल्याशी बंपरची घासाघीस अजूनही तेच करतात, आणि ती मला कधीच जमली नसती.