पुसा हायड्रोजेल: मुरमाड रानातला अनुभव

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले, सेल्युलोजवर (वनस्पतींच्या तंतूंतल्या घटकावर) आधारित पुसा हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून धरणारे दाणे, आम्ही हलक्या, मुरमाड रानातल्या कोरडवाहू हरभऱ्याला पेरणीच्या वेळी दिले. मात्रा एकरी 1 ते 2 किलो एवढीच असल्यामुळे ते कोरड्या, चाळलेल्या मातीत मिसळून बियाण्यालगत ओळीत पाडावे लागते. हात ओला असला तर दाणे बोटांना चिकटतात आणि ओळीत सारखे पडत नाहीत. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या किमान 350 पट पाणी धरते. पेरणीनंतर पाऊस झाल्यावर माती उकरून पाहिली, तेव्हा मुळांजवळ भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे दिसले आणि फुलोऱ्यात हायड्रोजेल न दिलेल्या शेजारच्या ओळींपेक्षा ही झाडे दुपारी कमी सुकली. मात्र विहिरीचे पाणी खारट असेल तर ही क्षमता बरीच घटते, हे विक्रेत्याने सांगायलाच हवे होते. शिवाय हायड्रोजेल स्वतः पाणी निर्माण करत नाही, आलेले धरून ठेवते. त्यामुळे एकही पाऊस किंवा संरक्षित पाणी (पीक वाचवण्यापुरते दिलेले पाणी) मिळणार नसेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. भारी काळ्या जमिनीसाठी मी ते घेणार नाही. मुरमाड रानासाठी मात्र पुन्हा नक्की घेईन.