कम्पायलर एक्सप्लोरर: कॉलिंग कन्व्हेन्शन शिकायचंय तर आधी हे उघडा

फंक्शनला दिलेलं आर्ग्युमेंट नेमकं जातं कुठे, रिटर्न व्हॅल्यू येते कुठून, म्हणजेच कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शन कॉल करण्याचे ठरलेले नियम) काय, असा प्रश्न कोणीही विचारला की मी एकच पत्ता देतो, गॉडबोल्ट डॉट ऑर्ग, म्हणजे कम्पायलर एक्सप्लोरर. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये जीसीसी एक्सप्लोरर या नावाने हे सुरू केलं, आज त्यात सी, सी++, रस्ट, गो आणि बऱ्याच भाषा आहेत, फुकट आहे, लॉगिन लागत नाही, सोर्सकोडही उघडा आहे. डावीकडे कोड टाकायचा, उजवीकडे कम्पायलरने त्यातून बनवलेलं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्स, येतं, ओळ आणि तिच्या इन्स्ट्रक्शन्स एकाच रंगात दिसतात. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मी फक्त कॉलिंग कन्व्हेन्शनच्या अंगाने लिहितोय, कारण या कामाला याच्या तोडीचं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

साइट उघडली की समोर स्क्वेअर नावाचं छोटं फंक्शन असतं, एक इंट घेतं आणि वर्ग करून परत देतं. लोक ते पुसून आपला कोड टाकतात, पण जरा थांबा, त्यातच खूप काही आहे. लिनक्सच्या जीसीसीमध्ये आर्ग्युमेंट ईडीआय या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी जागा) येतं आणि ते आरबीपी वजा ४ या जागी ठेवलं जातं (आरबीपी म्हणजे फ्रेमचा, फंक्शनच्या स्टॅकवरच्या जागेचा, आधारबिंदू), पण नीट बघा, स्टॅकचं टोक दाखवणारा आरएसपी त्यासाठी खाली सरकवलेलाच नाहीये! ही जागा म्हणजे रेड झोन, आरएसपीच्या खालचे १२८ बाइट, जे पुढे कुणाला कॉल न करणारं फंक्शन बिनधास्त वापरू शकतं अशी सिस्टिम व्ही एबीआयची, म्हणजे लिनक्सवर पाळल्या जाणाऱ्या कॉलच्या नियमांची, हमी आहे. आता शेजारी दुसरा पॅन (खिडकीचा कप्पा) उघडा आणि तिथे मायक्रोसॉफ्टचा एक्स६४ कम्पायलर निवडा. तेच फंक्शन, पण आर्ग्युमेंट आता ईसीएक्समध्ये, आणि ते ठेवलंय आरएसपी अधिक ८ वर, म्हणजे चक्क कॉल करणाऱ्याच्या फ्रेममध्ये. कारण विंडोजवर कॉलरला ३२ बाइटची शॅडो स्पेस सोडावीच लागते, आणि रेड झोन तिथे नाही. पुस्तकातला तक्ता पाठ करून हे डोक्यात राहत नाही, दोन पॅन शेजारी ठेवले की राहतं.

तसंच सात आर्ग्युमेंटचं करून बघा. नुसतं डिक्लेरेशन द्या, बॉडी देऊ नका, नाहीतर कम्पायलर ती बॉडी जागच्या जागी उतरवून (इनलाइन करून) कॉलच गायब करेल. लिनक्सवर पहिली सहा आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ मध्ये, सातवं स्टॅकवर, आणि त्यासाठी आरएसपी गरजेपेक्षा जास्त खाली नेलेला दिसेल कारण कॉलच्या क्षणी तो १६ च्या पटीत असावा लागतो. विंडोजवर चारच रजिस्टर, पाचवं आर्ग्युमेंट आरएसपी अधिक ३२ वर, शॅडो स्पेसच्या लगेच वर. प्रिंटएफच्या कॉलआधी ईएएक्स शून्य का केला जातो हा प्रश्न कॉलेजातली मुलं हमखास विचारतात, तेही इथे एका मिनिटात कळतं, प्रिंटएफला एक डबल पाठवा, तिथे १ येतो, कारण व्हेरिॲडिक (आर्ग्युमेंटची संख्या ठरलेली नसलेल्या) फंक्शनला किती व्हेक्टर रजिस्टर (डबल ज्यातून जातात ती) वापरलीत ते एएलमधून, म्हणजे ईएएक्सच्या सर्वात खालच्या बाइटमधून, सांगायचं असतं.

पण ज्यासाठी मी या टूलवर जीव टाकतो ती गोष्ट वेगळी आहे, स्ट्रक्ट (अनेक फील्ड एकत्र बांधलेली वस्तू) पॉइंटरऐवजी व्हॅल्यूने पाठवणे. एक लाँग आणि एक डबल असलेला स्ट्रक्ट घ्या. लिनक्स एक्स८६-६४ वर लाँग आरडीआयमध्ये आणि डबल एक्सएमएम० मध्ये, म्हणजे एकाच वस्तूचे दोन तुकडे दोन जातीच्या रजिस्टरमध्ये. एआरएम६४ निवडा, दोन्ही एक्स० आणि एक्स१ मध्ये, डबलसुद्धा इंटिजर रजिस्टरमधून येतो आणि मग एफमूव्हने हलवावा लागतो. विंडोजवर सरळ पॉइंटर. आणि त्या स्ट्रक्टमध्ये अजून एक लाँग वाढवला की २४ बाइट झाले, मग लिनक्सवर पण सगळा ऐवज स्टॅकवर.

आता क्लँगच्या (एलएलव्हीएमवर बांधलेला सी कम्पायलर) पॅनमधून एलएलव्हीएम आयआरचा, म्हणजे सोर्सकोड आणि असेंब्ली यांच्या मधल्या भाषेचा, व्ह्यू उघडा. तिथे फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये स्ट्रक्ट नसतोच, आय६४ आणि डबल असे दोन सुटे पॅरामीटर दिसतात, आणि २४ बाइटवाल्यासाठी बायव्हॅल (व्हॅल्यूने पाठव अशी खूण) लावलेला पॉइंटर. म्हणजे एबीआयचं अर्धं काम क्लँगच्या फ्रंटएंडनेच उरकलंय आणि कोड जनरेटरकडे, म्हणजे बॅकएंडकडे, फक्त कोणता तुकडा कोणत्या रजिस्टरमध्ये एवढंच उरलंय. स्वतःची भाषा एलएलव्हीएमवर बांधणाऱ्यांनी हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये, मनापासून सांगतो. आयआरमध्ये तुम्ही तो २४ बाइटचा स्ट्रक्ट जसाच्या तसा व्हॅल्यूने दिलात तर बॅकएंड त्याचे तुकडे आरडीआय, एक्सएमएम०, आरएसआय असे वाटून टाकतो, समोरचं सी फंक्शन मात्र ते स्टॅकवर शोधत असतं. कम्पायलर गप्प, लिंकर गप्प कारण सीच्या सिम्बॉलमध्ये टाइप नसतोच, आणि प्रोग्रॅम चालताना कचरा आकडे. तोच कॉल सीमध्ये लिहून क्लँगचा आयआर शेजारी ठेवायचा आणि आपला त्याच्याशी ताडून बघायचा, यापेक्षा सोपा उपाय नाही.

जुने कम्पायलर ठेवलेत याचाही फार उपयोग होतो. गो १.१६ आणि १.१७ शेजारी लावा, आधी सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवरून, नंतर एएक्स, बीएक्स, सीएक्स अशी रजिस्टरमधून. गोच्या टीमने तेव्हा साधारण ५ टक्के वेग वाढल्याचं रिलीज नोट्समध्ये लिहिलं होतं, तो फरक नेमका कुठून आला ते इथे समोर दिसतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग आपण दिला नाही तर ओ० वर (ऑप्टिमायझेशन बंद) चालतं, आणि त्यात प्रत्येक आर्ग्युमेंट आधी मेमरीत जाऊन परत येतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की कन्व्हेन्शनच तशी आहे. ओ१ देऊन बघा, आणि ओ२ ला शेवटच्या कॉलच्या जागी जेएमपी दिसला तर घाबरू नका, ते टेल कॉल आहे, परत येऊन काही करायचं नसल्यामुळे कॉलऐवजी सरळ उडी. स्टॅटिक फंक्शनवरून तर निष्कर्ष काढूच नका, बाहेरून कुणी कॉल करणार नाही हे माहीत असल्यामुळे कम्पायलर तिथे नियम वाकवू शकतो. फोनवर दोन पॅन शेजारी ठेवणं जमत नाही, लॅपटॉप हवाच. कोड त्यांच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा कंपनीचा कोड तिथे टाकू नका, नमुना छोटा करून टाका.

माझी खरी मागणी एकच आहे, स्टॅक फ्रेमचं चित्र. रिटर्न ॲड्रेस इथे, सेव्ह केलेला आरबीपी इथे, शॅडो स्पेस इथे, असं बाजूला आपोआप काढून दिलं तर एसपीओएसच्या (सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) प्रॅक्टिकलला टू पास असेंब्लर लिहिणाऱ्या मुलांना कागदावर चौकोन काढत बसावं लागणार नाही. सध्या तो हिशेब ऑफसेट बघून आपणच करायचा. तेवढ्यासाठी अर्धा स्टार कापतो, पाचपैकी साडेचार.