होटन परिसरातील एक गॅरेज आणि टर्बो स्नोमोबाइलचे निदान

मिशिगनच्या उत्तरेला लेक सुपिरियरमध्ये शिरलेल्या कीविनॉ द्वीपकल्पात 1978-79 च्या हिवाळ्यात 390 इंचांहून अधिक बर्फ पडल्याची नोंद आहे. तेवढा दरवर्षी पडत नसला, तरी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, हे इथले रोजच्या बोलण्यातले वाहन आहे. होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठात शिकायला आलेले काही मराठी विद्यार्थी पुढे या भागातच नोकरी धरतात आणि जुनी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रणा असलेली) स्नोमोबाइल विकत घेतात. गाडी मिळणे अवघड नाही. तिच्या इंजिनाचा दोष नेमका शोधणारा मेकॅनिक मिळणे अवघड आहे. ज्या लहान गॅरेजविषयी इथे लिहितो आहे, तिथे तसे काम होते, असे मी पूर्ण विश्वासाने सांगू शकतो.

माझी गाडी तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक टर्बो इंजिनाची आहे. मोकळ्या ट्रेलवर पूर्ण थ्रॉटल दिला की ती आधी झेप घेई आणि काही क्षणांतच तिचा जोर ओसरे. दुसऱ्या एका ठिकाणी कोणतीही चाचणी न करता टर्बोचार्जरच बदलण्याचा सल्ला मिळाला होता. हा भाग अतिशय महाग असतो आणि माझ्या मते चाचणीशिवाय असा सल्ला देणे गैर आहे.

या गॅरेजमध्ये मात्र सुरुवात इंजिनापासून झालीच नाही. मेकॅनिकने आधी बेल्ट आणि क्लच पाहिले, कारण स्नोमोबाइलमध्ये गिअर नसून बेल्टवर चालणारे सीव्हीटी (वेगाचे प्रमाण आपोआप बदलणारी यंत्रणा) असते आणि बेल्ट घसरू लागला तरी चालवणाऱ्याला इंजिन कमजोर झाल्यासारखेच वाटते. फरक ओळखण्याची त्याची पद्धत साधी होती: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) नेहमीच्या आकड्याच्या वर जात असून वेग वाढत नसेल, तर संशय बेल्टवर घ्यायचा, आरपीएम त्या आकड्यापर्यंत पोहोचतच नसतील आणि क्लचची मांडणी मूळचीच असेल, तर इंजिनाकडे वळायचे. माझ्या गाडीत दुसरा प्रकार होता.

त्यानंतर लॅपटॉप जोडला गेला. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवल्यावर दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. होटनची उंची फारशी नसल्याने तो 100 किलोपास्कलच्या थोडा खाली असतो. सेन्सर बरोबर ठरला. मग प्रत्यक्ष चालवून नोंदी घेतल्या, तेव्हा गाडीचा संगणक जितका बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागत होता तितका मिळत नव्हता, आणि वेस्टगेट (इंजिनाचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी, बूस्ट आवरणारी झडप) बंद ठेवण्यासाठी तो जवळजवळ कमाल आदेश देत होता. याचे सरळ अर्थ दोन: वेस्टगेट नीट मिटत नाही, किंवा दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे. हातपंप आणि गेज लावून वेस्टगेटचा दांडा किती दाबाला हलतो ते तपासले. तो अडकत नव्हता आणि वेळेआधी उघडतही नव्हता.

राहिली गळती. टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून आतील मार्गात हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले, तर एकही बुडबुडा आला नाही. पुष्कळ ठिकाणी तपास इथेच थांबला असता. या मेकॅनिकने गाडी रात्रभर बाहेर थंडीत ठेवली आणि सकाळी, उणे 15 अंशांच्या आसपास, तीच चाचणी पुन्हा केली. तेव्हा इंटरकूलरमधून (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागातून) इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या सांध्यातून हवा सुटताना स्पष्ट दिसली. जुना होज थंडीत ताठ होऊन आक्रसत होता, ढिला पडलेला क्लँप त्याला आवळून धरू शकत नव्हता, आणि गॅरेजच्या उबेत सांधा पुन्हा बसत होता. थंड हवा दाट असते. त्याच दाबाला उणे 15 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 17 टक्के अधिक दाट भरते, त्यामुळे या हवामानात टर्बो इंजिन उलट जोमाने चालायला हवे. थंडीतच ते ढेपाळत असेल, तर तपासही थंडीतच व्हायला हवा, हे त्याने ओळखले. नवा होज आणि दाब टिकवणारा स्प्रिंगचा क्लँप बसवल्यावर मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळू लागला.

टर्बोच्या शाफ्टची ढिलाई, तेल परत नेणारी नळी आणि क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या पेटीतील वाफ आणि दाब बाहेर सोडणारी वाट) हेही त्याने न सांगता पाहिले. ब्रीदरमध्ये बर्फ धरला तर आतला दाब वाढून तेल नको तिथून बाहेर पडते, आणि निळा धूर दिसताच लोक टर्बोला दोष देतात. तेलाला पेट्रोलचा वास येतो का, हेही त्याने पाहिले. इंजिन पुरते तापण्याआधीच संपणाऱ्या छोट्या फेऱ्यांनी तेल पातळ होते आणि त्याची झळ टर्बोच्या बेअरिंगला बसते. जोरात चालवल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ आयडलवर ठेवण्याची सूचनाही त्याने दिली.

उणिवाही आहेत. निदानाची मजुरी वेगळी आकारली जाते आणि ती कमी नाही, तरीही अनावश्यक टर्बोच्या किमतीपुढे ती मला रास्त वाटली. बिलावर फक्त बदललेल्या भागांची नावे होती. चाचणीचे आकडे मी मागितल्यावरच मिळाले. ते प्रत्येक ग्राहकाला आपणहून दिले पाहिजेत, कारण पुढच्या बिघाडाच्या वेळी तुलनेला तेच उपयोगी पडतात. स्की-डूने 2020 च्या मॉडेलपासून आणलेल्या टू-स्ट्रोक टर्बो गाड्यांचे काम इथे मर्यादितच होते, आणि संगणकाची ट्यूनिंग बदललेली गाडी ते घेत नाहीत.

जानेवारीत इथे बरीच वाट पाहावी लागते. राज्याचे ट्रेल 1 डिसेंबरला खुले होतात, म्हणून गाडी ऑक्टोबरमध्येच न्यावी आणि थंडीतली चाचणी हवी असल्यास नोंदणी करतानाच तसे सांगावे. पहिल्या कडक थंडीपर्यंत गाडी ठेवून घेण्याची त्यांची तयारी असते.