मॅट, सॉफ्ट शीन आणि हाय शीन: घरातल्या भिंतींसाठी तीन फिनिशचे परीक्षण

घर रंगवायला काढले की घरातली सगळी चर्चा शेडकार्डाभोवती फिरते. मोतिया घ्यायचा की फिकट राखाडी, यावर आठवडाभर खल होतो आणि फिनिश, म्हणजे वाळल्यावर रंगाला चमक किती राहील, कोणता घ्यायचा हे मात्र रंगाच्या दुकानात काउंटरपाशी उभ्या उभ्या ठरते. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. ठाण्यातील आमच्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये गेल्या दिवाळीपूर्वी एकाच कंपनीच्या महागड्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे) तीन फिनिश वेगवेगळ्या खोल्यांत लावून घेतले होते; त्यावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव येथे गौण आहे, कारण एशियन पेंट्सचा रॉयल, ड्युलक्सचा वेल्व्हेट टच, बर्जरचा सिल्क किंवा नेरोलॅकचा इम्प्रेशन्स यांपैकी काहीही घ्यायचे म्हटले तरी चमक किती हवी, हा प्रश्न सुटत नाही.

हॉलच्या भिंतींना मॅट, म्हणजे बिनचमकीचा फिनिश, लावला. बाल्कनी पश्चिमेला असल्याने संध्याकाळचे ऊन लांबच्या भिंतीवर जवळजवळ समांतर घसरत येते, आणि अशा तिरप्या उजेडात गिलाव्यातला प्रत्येक उंचसखलपणा, विजेच्या वायरिंगसाठी फोडून पुन्हा भरलेली प्रत्येक चर आणि लांबीचा (पुट्टीचा) पत्रा जिथे थांबला ती प्रत्येक रेघ डोळ्यांत भरते. मॅट रंगात रंगद्रव्य आणि भुकटीचे प्रमाण जास्त, तर त्यांना बांधून ठेवणाऱ्या ॲक्रिलिक राळेचे प्रमाण कमी असते. त्यामुळे वाळल्यावर पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत राहतो आणि उजेड एका दिशेने परत न फेकता सगळीकडे विखरून टाकतो. परिणामी आमची भिंत आहे त्यापेक्षा सरळ दिसते. शेडही मॅटमध्ये सर्वांत खरी दिसते. नंतर खिळ्याचे भोक बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तर ठिगळ शोधावे लागते.

मॅटची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. दिवाणामागे, बसणाऱ्याचे डोके टेकते त्या उंचीवर, चार-सहा महिन्यांत तेलाचा गोल डाग उमटला. तो ओल्या फडक्याने पुसला तेव्हा डाग फिका झाला, पण घासलेली जागा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा तुकतुकीत झाली आणि आता बाजूने पाहिले की तीच खटकते. हा एखाद्या कंपनीचा दोष म्हणता येणार नाही. राळ कमी असलेल्या कोणत्याही रंगाचा तो स्वभाव आहे. महागड्या मॅटमध्ये घासणे सोसण्याची ताकद बरीच वाढलेली असते, पण हा स्वभाव नाहीसा होत नाही. म्हणून छत, हॉलच्या मोठ्या भिंती आणि मोठ्यांची बेडरूम येथे मॅट निःशंकपणे घ्यावा आणि दिवाणामागे लाकडी पाठ किंवा कापडी गादी लावून मोकळे व्हावे.

सॉफ्ट शीन, म्हणजे मंद चमकेचा फिनिश, पॅसेजमध्ये आणि मुलांच्या खोलीत लावला, आणि तिघांत सर्वाधिक गुण मी त्यालाच देईन. जेवता जेवता उठून पळालेल्या मुलाचा वरणभाताचा हात दाराच्या चौकटीशेजारी पूर्ण पंज्यासह उमटला होता. स्पंजाला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब लावून हलक्या हाताने पुसल्यावर तेल निघाले आणि हळदीचा फिकट पिवळा वण तेवढा राहिला. त्या भिंतीवर सकाळचे ऊन येत असल्याने तोही काही दिवसांत विरला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. वॉटरकलरचे ओघळ, सायकलच्या हँडलचे काळे ओरखडे, चपलांच्या कपाटाजवळची धूळ हे सर्व येथे पुसता येते. मात्र पहिले दोन-तीन आठवडे भिंत धुऊ नये, कारण हाताला वाळलेला वाटणारा थर आतून पक्का व्हायला तेवढा अवधी घेतो. टचअपमध्ये हा फिनिश मॅटइतका उदार नाही; ठिगळ दिसू द्यायचे नसेल तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्यावी लागते.

हाय शीनबद्दल, म्हणजे जास्त चमकेच्या फिनिशबद्दल, माझे मत फारसे चांगले नाही. दुकानातल्या नमुना पाटीवर तो रेशमासारखा दिसतो, कारण ती पाटी आरशासारखी सपाट असते. आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर त्याने ट्यूबलाइटची प्रतिमा लाटांसह दाखवली. नव्या, जिप्समने एकसारख्या केलेल्या भिंतीवर तो शोभेलही. जुन्या गिलाव्यावर लांबी, घासणे आणि प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) यांवर रंगाइतकाच खर्च करण्याची तयारी नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता शेड. शेडकार्डावरचा नखाएवढा तुकडा पाहून निर्णय घेणे धोक्याचे असते, कारण चारही भिंतींवर तोच रंग आला की भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि शेड कार्डापेक्षा गडद भासते. एक लिटरचा डबा टिंट करून (शेडप्रमाणे रंग मिसळून) घ्यावा, प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन दोन हात (थर) देऊन रंगवावा, आणि तसाच दुसरा चौकोन खिडकीच्या भिंतीवर काढावा. मग ते दोन्ही सकाळी, दुपारी आणि मुख्य म्हणजे रात्री घरातल्याच दिव्यांत पाहावेत. आमच्या निवडीतली राखाडी शेड ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचे एकक) पांढऱ्या एलईडीखाली निळसर आणि ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार दिसत होती. तेव्हा दिवे आधी ठरवावेत. भडक पिवळा, केशरी किंवा लाल हवा असेल त्यांनी तिसऱ्या हाताचा खर्च गृहीत धरावा, कारण या शेडमध्ये झाकणारे पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड अगदी थोडे असते.

किती रंग लागेल याचा हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करावा. १० बाय १२ फुटांच्या, ९ फूट उंचीच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे भिंती ३९६ चौरस फूट. दार-खिडकीचे सुमारे ४० वजा केले की ३५६ उरतात. चांगले इमल्शन दोन हातांत लिटरमागे साधारण १२० ते १४० चौरस फूट भागवते, म्हणजे तीन लिटर लागतात आणि चार लिटरच्या डब्यात टचअपपुरता रंग उरतो. आमच्या कंत्राटदाराने एका खोलीला यापेक्षा निम्म्याने कमी रंग वापरून दोन हात पूर्ण झाल्याचे सांगितले, तेव्हा रंगात पाणी किती पडले हे विचारण्याची गरज उरली नाही. डब्यावर छापलेल्या प्रमाणाचे माप समोर ठेवून त्या भिंतीला आणखी एक हात मारून घेतला.

जुन्या इमारतींतल्या दारा-चौकटींवर ऑइल पेंटचे अनेक थर असतात. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, हा नियम २०१७ मध्ये अमलात आला. त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरून ते कोरडे घासू देऊ नयेत, वॉटर पेपरने (ओल्यात चालणाऱ्या घासकागदाने) ओले करून घासायला सांगावे आणि लहान मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे. ज्या भिंतीला ओल आहे तिथे तीनही फिनिश सारखेच निरुपयोगी आहेत. आमच्या बाथरूममागच्या भिंतीचे प्लंबिंग आधी दुरुस्त करून ती दोन महिने उघडी वाळू दिली, आणि या पावसाळ्यात तिथे एकही पोपडा सुटला नाही.

उरलेल्या डब्यांच्या झाकणावर शेडचा कोड, फिनिश, खोली आणि तारीख मार्करने लिहून ठेवावी, कारण कोड तोच असला तरी दुसऱ्या वेळी टिंट केलेला रंग शेजारी लावल्यावर किंचित निराळा दिसू शकतो. एकाच खोलीसाठी दोन डबे लागणार असतील, तर ते सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला कारागिराला सांगावे.