स्पेक्ट्रमसाठी सी कंपायलर: एससीसीझेड८० की झेडएसडीसीसी?

१९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी आज सी भाषेत प्रोग्राम लिहायचा, तर तो आधुनिक संगणकावर कंपाइल करून, म्हणजे यंत्रभाषेत उतरवून, मग स्पेक्ट्रमवर चढवणे सोयीचे ठरते. त्यासाठीच्या झेड८८डीके या मुक्त संचात हे रूपांतर करणारे दोन कंपायलर मिळतात.

एससीसीझेड८० हा स्मॉल-सी या जुन्या, छोटेखानी सी कंपायलरच्या वंशातला आहे. तो काम झटपट उरकतो आणि अनेक लहानसहान क्रियांसाठीही लायब्ररीतील तयार रूटीन (कोडचे छोटे तुकडे) बोलावत असल्याने कोड आटोपशीर राहतो, मात्र वेगात थोडी तूट येते. झेडएसडीसीसी ही एसडीसीसी या मुक्त सी कंपायलरची सुधारित आवृत्ती आहे. 'मॅक्स-ॲलॉक्स-पर-नोड' हा पर्याय २,००,००० वर नेल्यास ती रजिस्टरांची (प्रोसेसरमधील मोजक्या साठवण-जागांची) वाटणी बारकाईने तपासते आणि कोड सुधारतो, परंतु फाइल मोठी असेल तर चहा पिऊन यावे इतका वेळ लागू शकतो.

खरी अडचण सी प्रोग्रामला असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या जवळच्या भाषेतले रूटीन, जोडताना येते. एससीसीझेड८० फंक्शनचे आर्ग्युमेंट (त्याला दिलेली मूल्ये) सहसा डावीकडून उजवीकडे स्टॅकवर, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या चळतीवर, टाकतो, तर झेडएसडीसीसी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे ठिपका काढणारे एखादे रूटीन एका कंपायलरकडून दुसऱ्याकडे जसेच्या तसे नेले, तर आडव्या आणि उभ्या निर्देशांकांची अदलाबदल होऊन ठिपका भलतीकडेच उमटतो. फंक्शनच्या प्रोटोटाइपमध्ये (आगाऊ घोषणेत) क्रम स्पष्ट नोंदवणे हा त्यावरचा उपाय.

माझ्या मते रोजच्या चाचण्यांसाठी एससीसीझेड८० पुरेसा आहे. खेळातील सतत फिरणारे लूप अडखळू लागले, तरच झेडएसडीसीसीची प्रतीक्षा सार्थकी लागते.