न्यूयॉर्कमधला तैवानचा मेळा, खास मे महिन्यात पोरांकडे जाणाऱ्या पुणेकरांसाठी

आमच्या तळजाईच्या सकाळच्या ग्रुपमधले बरेच जण यंदा मे मध्ये लेकाकडे नाहीतर लेकीकडे अमेरिकेला चाललेत आणि प्रत्येकजण मला गाठून तेच विचारतोय की मॉल आणि देऊळ सोडून तिकडे बघण्यासारखं काय आहे, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. न्यूयॉर्क किंवा जर्सीच्या बाजूला असाल तर मे च्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मॅनहॅटनमध्ये युनियन स्क्वेअरला 'पासपोर्ट टू तैवान' नावाचा मेळा भरतो. दरवर्षी भरतो, वीसेक वर्षं तरी झाली असतील. तिकीट नाही. पासपोर्टही लागत नाही, आमच्या ह्यांनी घरातून निघताना खरंच विचारलं होतं म्हणून सांगते.

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. जा, नक्की जा, पण फक्त खायला म्हणून जाऊ नका. इंटरनेटवर बघाल तर सगळे फोटो खाण्याचे, आणि तिथे गेल्यावर सगळी गर्दीपण खाण्याच्याच स्टॉलसमोर, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून फोनमध्ये बघतायत आणि तिकडे स्टेजवर जे काही चाललंय ते बघायला पुढे आरामात जागा आहे. आम्ही पण पहिला तासभर त्याच रांगेत घालवला कारण जावयांना बीफ नूडल सूप हवं होतं (तैवानमध्ये त्याचा फार मान आहे म्हणे, आम्ही दोघं अर्थातच त्या वाटेला गेलो नाही). शेवटी मी म्हटलं तुम्ही थांबा रांगेत, मी जरा फिरून येते, आणि त्यानंतर खरा मेळा सापडला.

पोचायला सोपं आहे. जर्सी सिटीतून पाथ ट्रेननं १४व्या रस्त्याच्या स्टेशनला उतरायचं आणि पूर्वेकडे दहा मिनिटं चालायचं, सबवेच्या तर कितीतरी लाइनी थेट युनियन स्क्वेअरलाच येतात. चौकाच्या नैऋत्य कोपऱ्यात गांधीजींचा पुतळा आहे, १९८६ सालचा, आणि मेळा बरोब्बर उलट्या टोकाला, उत्तरेला १७व्या रस्त्याच्या बाजूला. चुकामूक झाली तर गांधीजींपाशी भेटायचं असं आधीच ठरवून टाका, पुण्यातल्या माणसाला पुतळा सांगितला की पत्ता लगेच कळतो.

आता खाण्याबद्दल, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तेच हवंय. सगळ्यात आधी वास येतो तो स्टिंकी टोफूचा. स्टॉल दिसायच्या आधी वास येतो. टोफू आंबवलेल्या पाण्यात मुरवतात आणि मग कडक तळतात, त्याच्याबरोबर आंबट लोणच्यासारखा मुरलेला कोबी देतात. मी पदर नाकाला लावणार होते पण लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत." खाल्ला मात्र मी. बाहेरून कुरकुरीत, आत एकदम मऊ, आणि तोंडात गेल्यावर वासाचा त्रास निम्मा होतो, तिखट सॉस सढळ हातानं घातला तर उरलेला निम्मापण जातो. हे लांबूनच हात जोडून उभे होते. पण शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, टोफू म्हणजे सोयाबीन म्हणून डोळे झाकून घेऊ नका, ज्या पाण्यात तो मुरवतात त्यात पुष्कळदा सुकी कोळंबी नाहीतर मांस घातलेलं असतं. विचारायचंच. आणि नुसतं विचारूनही भागत नाही. एका स्टॉलवर मी ह्यांच्यासाठी बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात घेतला, "व्हेज?" म्हटल्यावर तो पोरगा हसून "येस येस" म्हणाला, आणि पान सोडलं तर आत सोडे! गर्दीत त्याला प्रश्न नीट ऐकूच गेला नसणार, पण ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणून सांगते, "व्हेज" हा शब्द विसरा, "नो मीट, नो फिश, नो श्रिम्प" असं एकेक मोजून विचारा. तो भात मग मीच खाल्ला, छान होता. ड्रॅगन बोटीच्या सणाला करतात तो, साधारण जूनमध्ये येतो तो सण. कोणे एके काळी च्यू युआन नावाच्या कवीनं नदीत जीव दिला आणि माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला अशी त्यामागची गोष्ट. कवीसाठी एवढं कोण करतं हो आजकाल.

गंमत म्हणजे खुद्द तैवानमध्ये शाकाहारी माणसाची चंगळ आहे. तिथे बौद्ध लोक बरेच, आणि शाकाहाराचे कायद्यानं पाच प्रकार पाडलेत, पाकिटावर लिहावंच लागतं की हे कांदा-लसूणसुद्धा नसलेलं पूर्ण शाकाहारी आहे, का अंडं चालणारं, का दूध चालणारं, का दोन्ही चालणारं, का नुसतं वनस्पतींचं पण कांदा-लसूणवालं. कांदा-लसणाचा विचार सरकारनं केलाय! आमच्या सासूबाई असत्या तर तैवानलाच राहायला गेल्या असत्या. शाकाहारी हॉटेलांच्या पाट्यांवर तिथे स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं. युनियन स्क्वेअरला ते कुठे दिसलं नाही, अमेरिकेत त्या चिन्हाचा अर्थ भलताच लागतो, त्यामुळे ते बरोबरच आहे. ह्यांना शेवटी अननसाची वडी मिळाली, म्हणजे खुसखुशीत चौकोनी केक आणि आत अननसाचा घट्ट मुरंबा, त्यात अंडं असतं हे मी ह्यांना सांगितलं नाही.

आता स्टेज. मी पोचले तेव्हा आधी कुठलं तरी कोरस चालू होतं, ते ठीकठाक. मग अचानक धाडधाड टेक्नो म्युझिक सुरू झालं आणि माणसाच्या दीडपट उंचीचे, मोठ्ठाल्या लहान मुलाच्या चेहऱ्याचे, पाठीला झेंडे लावलेले, भरजरी कपड्यातले पुतळे चक्क नाचत आले. आत माणूस असतो, तो आतून एवढं वजन घेऊन नाचतो, उड्या मारतो, त्यातल्या एकानं गॉगलपण लावला होता. हा नेझा, म्हणजे तिसरा राजपुत्र, तैवानच्या देवळांतला बालदेव. पूर्वी देवाच्या मिरवणुकीत हे पुतळे पारंपरिक वाद्यांवर चालायचे, नंतर देवळातल्या तरुण पोरांनी त्याला टेक्नो लावलं आणि २००९ मध्ये काओश्युंगला वर्ल्ड गेम्स झाले त्याच्या उद्घाटनालाच हे देव स्टेडियममध्ये नाचले, तेव्हापासून जगभर फिरतायत. मी तर बघतच राहिले. आपल्याकडे लक्ष्मी रोडला डीजेपुढे पोरं नाचतात आणि बाप्पा मागे ट्रॉलीवर शांत बसलेला असतो, इथे देवच खाली उतरून नाचतोय आणि भक्त बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतायत. डेसिबलचं म्हणाल तर आपले लोक बरेच पुढे आहेत, तिथे शेजारी उभ्या लेकीशी बोलता येत होतं.

आणि घरी आल्यावर वाचलं तर ह्या नेझाचं मूळ निघालं आपल्याकडचं. अभ्यासक म्हणतात की तो म्हणजे नलकूबर, कुबेराचा मुलगा. भागवतात बाळकृष्ण उखळाला बांधलेला असताना रांगत जाऊन दोन झाडं पाडतो ना, त्या झाडांत अडकलेले कुबेराचे दोन मुलगे, नलकूबर आणि मणिग्रीव, त्यातला हा. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे त्याचा वेगळाच अवतार झाला, तिथून लोकांबरोबर समुद्र ओलांडून तैवानला आला आणि तिथून न्यूयॉर्कला. मी हे ह्यांना रात्री वाचून दाखवलं तर हे म्हणाले की मग तर मला तो भेटायलाच हवा होता, आणि दुपारी नाच चालू होता तेव्हा हे कुठे होते, तर बाकावर बसून पुण्याला व्हिडिओ कॉल लावत होते.

बाहुल्यांचा खेळ अजिबात चुकवू नका. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्या दोरीवरच्या, ह्या हातमोज्यासारख्या हातात घालायच्या. पहिलं बोट डोक्यात, अंगठा एका हातात आणि बाकीची बोटं दुसऱ्या हातात, एवढ्यावर ती बाहुली तलवार काढते, कोलांटी मारते, हवेत उडून परत बरोब्बर त्याच हातावर येऊन बसते. भाषा एक अक्षर कळली नाही पण पुढे बसलेली सगळ्या देशांची पोरं खिदळत होती. तैवानमध्ये १९७० साली टीव्हीवर ह्या बाहुल्यांची मालिका लागायची तर शेतकरी आणि कामगार कामं टाकून बघत बसायला लागले म्हणून सरकारनं १९७४ मध्ये ती बंद केली. विचार करा, आपल्याकडे हा नियम लावला तर संध्याकाळी सात ते दहा काय उरेल.

बाजूला माहितीची टेबलं होती, पर्यटन वगैरे, आदिवासींच्या विणकामाचे नमुने होते. तैवानमध्ये सरकारनं मान्यता दिलेल्या १६ आदिवासी जमाती आहेत आणि त्यांच्या भाषांचं नातं चिनीशी नसून मलाय, हवाई, न्यूझीलंडच्या माओरी भाषांशी आहे, हे मला नवीन होतं. एका टेबलामागचे काका गप्पिष्ट निघाले, पुणं कुठे आहे विचारलं, मग मी त्यांना तळेगावची फॉक्सकॉनची गोष्ट सांगितली की तुमच्या देशातली कंपनी आमच्या शेजारी येणार येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला आणि २०२२ मध्ये प्रकल्प गेला गुजरातला, आणि पुढच्या वर्षी फॉक्सकॉननं तिथूनही अंग काढून घेतलं. काका खूप हसले, माझ्या हातावर दोन कागदी पंखे ठेवले. नुकसानभरपाई असावी. हे मध्येच "पण तैवान म्हणजे चीनच ना?" असं विचारायला लागले होते, लेकीनं वेळेवर चिमटा काढला. तुम्हीपण तो प्रश्न तिथे काढू नका, ज्यांचा मेळा आहे त्यांना तो रोज विचारला जात असणार.

बारीकसारीक सांगायचं तर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी घेऊन जा, मे असला तरी ऊन टोचतं. टॉयलेटसाठी १७व्या रस्त्यावर समोरच मोठं पुस्तकांचं दुकान आहे. बसायला स्टेजपाशी थोड्या खुर्च्या होत्या, बाकी बागेतले बाक, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लवकर जाऊन जागा धरावी. दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होतं, आम्ही पुन्हा गेलो तर जाणार सुरुवातीलाच, आधी स्टेज आणि खाणं नंतर, कारण चार-साडेचारला रांगा निम्म्या झाल्या होत्या.

बबल टीचं राहिलंच. तो तिथे सगळ्यांच्या हातात असतो, सहा-सात डॉलर पडतात, दूधवाला थंडगार चहा आणि तळाशी काळे मोती. ते मोती म्हणजे टॅपिओका, म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे, काळा रंग ब्राऊन शुगरचा. ह्यांनी लगेच हिशोब मांडला की चहा चालतो, दूध चालतं, साबुदाणा चालतो, म्हणजे एकादशीला चालेल. हा चहा १९८० च्या दशकात तैचुंगच्या एका चहावाल्यानं काढला का ताइनानच्या, ह्यावर ते दोघं दहा वर्षं कोर्टात भांडले आणि २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की ह्याचं पेटंटच नाही, कोणीही करावा, पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. मला तो जाम आवडला कारण मोती ताजे होते, दाताखाली लवचिक, गोडसर. शिजवल्यावर तीन-चार तासांत ते कडक व्हायला लागतात, तेवढ्यात संपवायला लागतात असं त्या स्टॉलवरच्या मुलीनं सांगितलं. पुण्यात आता बाणेर, कोरेगाव पार्क सगळीकडे हा मिळतो म्हणून परत आल्यावर एका ठिकाणी गेले आणि आधी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाळा, मोती कधी शिजवलेस?" तो म्हणाला, "मॅडम, एकदम फ्रेश, सकाळीच." संध्याकाळचे सात वाजले होते. मी म्हटलं राहू दे, कोकम सरबत आहे का.