अन्य भाषा: थांबल्या की चालू आहेत?
पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषेत बोलणं म्हणजे ‘अन्य भाषां’चं दान; ते आजही मिळतं का, यावर ख्रिस्ती लोकांत वाद आहे. प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांच्या मते अशी चमत्कारी दानं म्हणजे प्रेषितांची, म्हणजे येशूनं पाठवलेल्या पहिल्या दूतांची, ओळखपत्रं. प्रेषित गेले, दानंही संपली. ही दानं आजही चालू आहेत असं मानणारी पेंटेकॉस्टल मंडळी बायबलमधल्या पौलाच्या पत्राकडे, 1 करिंथ 13 कडे, बोट दाखवतात: भाषा सरतील, पण ‘पूर्णत्व’ आल्यावर, म्हणजे ख्रिस्त परत येईल तेव्हा. इथे मला त्यांचंच वाचन सरळ वाटतं. मात्र पुढच्याच अध्यायात पौल अट घालतो: अन्य भाषेत बोलायचं तर दोघं, फार तर तिघं, तेही आळीपाळीनं; अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं. ही अट मात्र बऱ्याच सभांत सोयीस्कर विसरली जाते!

आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली आध्यात्मिक जागृती सुरू झाली, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या गाजलेल्या पेंटेकॉस्टल जागृतीच्या आदल्या वर्षी. रमाबाईंनी भाषांचं दान नाकारलं नाही, पण प्रत्येकाला ते मिळायलाच हवं असाही हट्ट धरला नाही.